औषधनिर्माता की औषधसल्लागार? सहयोगी आरोग्यसेवेतील फार्मासिस्टचे भवितव्य : पिंपरी-चिंचवड औद्योगिक परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी शासनव्यवहारात फार्मासिस्टला ‘औषधनिर्माता’ किंवा ‘औषधनिर्माण अधिकारी’ असे संबोधले जाते आणि तो ज्या शास्त्राचे शिक्षण घेतो त्यास ‘औषधनिर्माणशास्त्र’ म्हणतात. बोलीभाषेत मात्र तो ‘मेडिकलवाला’ असतो. जुन्या पिढीच्या तोंडी त्याच्यासाठी अजूनही ‘कंपाउंडर’ हाच शब्द येतो. या नावांपैकी पहिले त्याला कारखान्यात उभे करते, दुसरे दुकानात आणि तिसरे डॉक्टरांच्या खोलीमागील फळीपाशी. रुग्णाच्या शेजारी बसून औषध कसे, केव्हा व किती काळ घ्यावे हे सांगणारी व्यक्ती, असा अर्थ देणारे नाव मराठीत अद्याप रूढ झालेले नाही. हा केवळ परिभाषेचा प्रश्न नाही. समाज एखाद्या व्यावसायिकाकडून काय अपेक्षितो आणि काय अपेक्षित नाही, हे त्याच्या नावावरून बऱ्याच अंशी कळते.

गेल्या काही दशकांत आरोग्यसेवेच्या चर्चेत ‘सहयोगी आरोग्यचमू’ ही संकल्पना महत्त्वाची ठरली आहे. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, आहारतज्ज्ञ, समुपदेशक व क्षेत्रीय कार्यकर्ते यांनी एकाच रुग्णाची जबाबदारी परस्परांत वाटून घेणे, असा तिचा थोडक्यात आशय आहे. या चमूत फार्मासिस्टचे भावी स्थान कोणते, याविषयी आपल्याकडील परिसंवादांतून उत्साहाने बोलले जाते. तथापि, त्या बोलण्यात आदर्शांची यादी मोठी व व्यवस्थेचा विचार थोडा, असे चित्र दिसते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात केली आहे. त्यासाठी संबंधित कायदे, नियमावल्या व उपलब्ध सार्वजनिक माहिती यांचा आधार घेतला असून पद्धती वर्णनात्मक व चिकित्सक आहे.

लेखाचे प्रतिपादन असे : फार्मासिस्टला चमूत स्थान देणारी कायद्याची भाषा आज उपलब्ध आहे, त्या कामासाठी शिक्षण घेतलेली माणसेही उपलब्ध आहेत. परंतु रुग्णाची नोंद, बोलण्यासाठी वेळ आणि औषधविक्रीपासून स्वतंत्र मोबदला या तीन गोष्टी त्याच्या हाती नाहीत. त्या मिळाल्याशिवाय नव्या पदव्या व नवी पदनामे यांतून फार काही साध्य होणार नाही.

संकल्पनेचा प्रवास

फार्मासिस्टच्या बदलत्या भूमिकेची आधुनिक चर्चा आपल्याला परकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर घेतलेल्या बैठकांच्या मालिकेतील पहिली बैठक १९८८ साली नवी दिल्लीतच झाली होती. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतील हेप्लर व स्ट्रँड या अभ्यासकांनी ‘फार्मास्युटिकल केअर’ ही कल्पना मांडली. औषध रुग्णाच्या हाती देण्याने फार्मासिस्टचे काम संपत नाही. त्या औषधाने अपेक्षित परिणाम साधला की नाही, याचीही जबाबदारी त्याने स्वीकारली पाहिजे, हे त्यांच्या मांडणीचे सार होते. १९९७ च्या व्हँकुव्हर येथील बैठकीतून ‘सप्ततारांकित फार्मासिस्ट’ ही प्रतिमा पुढे आली. काळजीवाहक, निर्णयकर्ता, संवादक, व्यवस्थापक, आजन्म विद्यार्थी, शिक्षक व नेता अशा सात भूमिका त्याने पार पाडाव्यात, अशी अपेक्षा तीत व्यक्त झाली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरव्यावसायिक शिक्षण व सहयोगी कार्यपद्धती यांविषयीचा आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा या विचाराला अधिक व्यापक चौकट लाभली.

आपल्याकडील औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गांत हे सात तारे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले जातात. त्यांबद्दल आदर राखूनही एक आक्षेप नोंदवावा लागतो. या सातही भूमिका व्यक्तीच्या गुणांविषयी बोलतात. त्या गुणांना वाव देणारी व्यवस्था कोणती, तिचा खर्च कोणी करायचा आणि रुग्णाची माहिती फार्मासिस्टपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचायची, यांविषयी ही यादी काही सांगत नाही. परिणामी अपयशाचे खापर व्यक्तीवर फुटते. फार्मासिस्ट ‘बोलत नाही’, ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार होते, आणि त्याने कोणत्या परिस्थितीत बोलायचे हा प्रश्न मागे राहतो.

औषधनिर्मितीचा वारसा

पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत ‘औषधनिर्माता’ हा शब्द एके काळी अक्षरशः खरा होता. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड या कंपनीची स्थापना झाली. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील हा देशातील पहिला सार्वजनिक उपक्रम होय. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. म्हणजे या परिसराची औद्योगिक ओळख मोटारींमुळे होण्याच्या आधी ती प्रतिजैविकांमुळे झाली होती. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘हॅमायसिन’ या बुरशीविरोधी औषधाचा शोध लागला आणि त्याच्या नावातच कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे गुंफली गेली. ‘एच. ए. कॉलनी’ हे नाव आजही शहरातील कोणालाही परिचित आहे.

स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकात औषध तयार करणे व ते स्वस्तात उपलब्ध करून देणे हीच राष्ट्रीय निकड होती. त्या काळी औषधशास्त्र शिकलेल्या तरुणाने निर्मितीकडे वळणे सर्वस्वी स्वाभाविक होते. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी औषधशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला, तेव्हापासून आपल्या अभ्यासक्रमांचा कल उद्योगाकडेच राहिला. पुढे परिस्थिती पालटली. खाजगी औषध उद्योग वाढला, बाजारात औषधांची विपुलता आली आणि पिंपरीचा हा कारखाना आर्थिक अडचणीत सापडला. त्याची देणी भागविण्यासाठी अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये घेतला.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. औषध मिळत नाही, हा त्या काळचा प्रश्न होता. आज त्याच्या जोडीला मिळालेले औषध नीट वापरले जात नाही, हा प्रश्न उभा आहे. ज्या प्रतिजैविकांच्या निर्मितीने या शहराचा लौकिक झाला, ती अर्धवट घेतली जाणे, अकारण घेतली जाणे आणि त्यामुळे जंतू त्यांना दाद न देणे ही आजची चिंता आहे. निर्मितीची समस्या कारखान्याने सोडविली. वापराची समस्या सोडविण्याची जागा रुग्णाजवळ आहे आणि तेथे नेमके कोण उभे आहे, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची भाषा आणि दुकानाचा व्यवहार

औषधव्यवसायातील अव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये नेमलेल्या समितीने आपला अहवाल १९३१ मध्ये दिला. त्यानंतर सतरा वर्षांनी फार्मसी अधिनियम, १९४८ अस्तित्वात आला. या अधिनियमाच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कोणी तयार करू वा देऊ शकत नाही. स्वतःच्या रुग्णांना स्वतः औषध देणाऱ्या डॉक्टरांचा यास अपवाद आहे. कामगार वस्त्यांतील अनेक छोट्या दवाखान्यांत कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून देण्याची पद्धत याच अपवादाच्या आधारे टिकून राहिली. पुडी स्वस्त पडते हे खरे. परंतु आपण कोणते औषध घेतले, हे रुग्णाला त्यामुळे कधीच कळत नाही, आणि पुढच्या डॉक्टरांना तर नाहीच नाही.

कलम ४२ ची भाषा निषेधाची आहे. इतरांनी काय करू नये, हे ती सांगते. फार्मासिस्टने रुग्णासाठी काय करावे, हे स्पष्टपणे सांगणारा दस्तऐवज येण्यास २०१५ साल उजाडले. त्या वर्षी भारतीय फार्मसी परिषदेची फार्मसी प्रॅक्टिस नियमावली अधिसूचित झाली. औषधचिठ्ठी हाती आल्यावर व रुग्णाची नोंद पाहिल्यानंतर फार्मासिस्टने स्वतः पुढाकार घेऊन रुग्णाशी बोलावे. औषधाचे नाव, मात्रा, कालावधी, दुष्परिणाम, अन्य औषधांशी होणारी आंतरक्रिया, साठवण आणि एखादी मात्रा चुकल्यास काय करावे हे सांगावे, अशी तरतूद तीत आहे. सहयोगी आरोग्यसेवेचे बीज या तरतुदीत निश्चितच आहे.

मात्र हा मजकूर बारकाईने वाचला असता एक विसंगती लक्षात येते. ‘रुग्णाची नोंद पाहिल्यानंतर’ असे नियम म्हणतो. ही नोंद आहे कोठे? दुकानात येते ती डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर निदान बहुधा नसते, मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल नसतो, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचा उल्लेख नसतो. अनेकदा रुग्णाऐवजी त्याचा मुलगा किंवा शेजारी चिठ्ठी घेऊन येतो, आणि पुष्कळदा चिठ्ठीही नसते, मागील वेळच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट असते. नियमाने गृहीत धरलेली नोंद व्यवहारात अस्तित्वातच नाही. २०२१ मध्ये राष्ट्रीय पातळीवर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने रुग्णाच्या संमतीने नोंदींची देवाणघेवाण करण्याची चौकट घालून दिली आहे. ती गल्लीतील औषध दुकानापर्यंत रोजच्या वापरात पोहोचेल तेव्हाच २०१५ च्या नियमातील ते शब्द सार्थ ठरतील.

दुसरी अडचण मोबदल्याची आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्यास १६ टक्के नफा धरलेला आहे. या नफ्यातच जागेचे भाडे, वीज, नोकरांचे पगार आणि फार्मासिस्टचे वेतन बसवावे लागते. दहा मिनिटे रुग्णाशी बोलून ‘ही गोळी तुम्हाला लागत नाही, डॉक्टरांना विचारून बंद करा’ असे सांगणारा फार्मासिस्ट दुकानाचे उत्पन्न वाढवीत नाही, उलट घटवितो. जेथे सल्ल्याला मूल्य नाही व विक्रीला आहे, तेथे सल्ला मागे पडणे अटळ आहे. हा दोष व्यक्तीच्या नीतीचा म्हणून सोडून देता येणार नाही, तो व्यवस्थेच्या रचनेतच आहे.

तिसरी बाब अधिक अप्रिय आहे. प्रमाणपत्र एकाचे व दुकान दुसऱ्याचे, ही ‘सर्टिफिकेट भाड्याने देण्याची’ प्रथा सर्वांना ठाऊक आहे. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असण्याचा आग्रह धरला. त्या वेळी औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी राज्यभर विरोध केला. दुकानांची संख्या व फार्मासिस्टची उपलब्धता यांचा मेळ नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पूर्णतः निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्या वादातून व्यवसायाची एक दुखरी बाजू उघड झाली, ती अशी, की ज्याच्या अनुपस्थितीने ग्राहकाला काहीच फरक जाणवत नाही, त्याची उपस्थिती केवळ परवान्यापुरती उरते. ‘औषधसल्लागार’ होऊ पाहणाऱ्या व्यवसायाला प्रथम या भाड्याच्या प्रमाणपत्राचा निकाल लावावा लागेल.

पाळीचे घड्याळ आणि औषधाचे घड्याळ

पिंपरी-चिंचवड ही १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक होती. भोसरी, चिंचवड, आकुर्डीपासून चाकण, म्हाळुंगे, निघोजेपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात कायम व कंत्राटी अशा दोन्ही प्रकारचे कामगार आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेशाप्रमाणेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेलेही आहेत. या लोकजीवनाचे एक वैशिष्ट्य औषधोपचाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते, आणि ते म्हणजे पाळी.

औषधचिठ्ठीवर ‘१-०-१’ असे लिहिलेले असते. सकाळी एक, रात्री एक. ही मांडणी सकाळी उठणाऱ्या व रात्री झोपणाऱ्या माणसासाठी आहे. रात्रपाळीचा कामगार सकाळी घरी येऊन झोपतो, दुपारी जेवतो आणि रात्री यंत्रापुढे उभा राहतो. मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारखी गोळी पहिल्या मुख्य जेवणाच्या आधी घ्यावयाची असते. ती घेऊन तो न जेवताच झोपी गेला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. सर्दीसाठी सहज घेतली जाणारी क्लोरफेनिरामिनसारखी गोळी गुंगी आणते, आणि प्रेस मशीनवर काम करणाऱ्याच्या बाबतीत ती गुंगी बोटांवर बेतू शकते. अंगदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाचा रक्तदाब औषधे चालू असूनही आटोक्यात येत नाही आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू झाल्यावर मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव कमी होतो. तेव्हा एका दवाखान्यातून क्षयाचे व दुसऱ्यातून साखरेचे औषध घेणाऱ्या रुग्णाची साखर का वाढली, हे दोन्ही डॉक्टरांना कदाचित उमगत नाही.

या चारही उदाहरणांत निदान चुकलेले नाही, औषधही चुकीचे नाही. चूक आहे ती औषध व जगणे यांच्या सांध्यात. हा सांधा पाहणे डॉक्टरांना अशक्य आहे असे नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात त्यांना त्यासाठी वेळ मिळत नाही. ‘तुमची पाळी कोणती? जेवता केव्हा? आणखी कोणाकडची औषधे चालू आहेत?’ हे तीन प्रश्न विचारणारी व्यक्ती चमूत हवी, आणि त्या उत्तरांचा औषधशास्त्रीय अर्थ लावण्याचे शिक्षण फार्मासिस्टनेच घेतलेले असते. त्याचे स्थान प्रतिष्ठेच्या मागणीवर आधारलेले नाही. या कामाची गरज हाच त्याचा आधार आहे.

भाषेचा मुद्दाही येथे येतो. औषधाच्या पाकिटावरील सूचना बहुतांशी इंग्रजीत असतात. दहा गोळ्यांच्या पाकिटातून चार कापून दिल्या की कधी नाव, तर कधी मुदत संपण्याची तारीख कापली जाते. मराठी वा हिंदीत दोन ओळी लिहिलेले लहान पाकीट देणे, ही कोणत्याही दुकानाला परवडणारी गोष्ट आहे. तरीही ती सर्वत्र होत नाही, कारण ते काम कोणाचेच ठरलेले नाही.

डॉक्टरांचा आक्षेप

फार्मासिस्टच्या विस्तारित भूमिकेला वैद्यकीय व्यावसायिकांकडून होणारा विरोध केवळ हितसंबंधांचा मानणे अन्यायाचे होईल. ज्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके मिळतात, त्या दुकानांतील माणसावर रुग्णाचा उपचार कसा सोपवावा, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. या गैरप्रकारास आवर घालण्यासाठीच औषध नियमांत अनुसूची एच-१ समाविष्ट करण्यात आली. ती १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तीत सुरुवातीस ४६ औषधे होती. त्यांत वरच्या श्रेणीची प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधे यांचा समावेश होता. या औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे व ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. ही नोंदवही तपासणी अधिकाऱ्याला दाखविण्यापुरती राहिली, तर ती ओझे आहे. कोणत्या वस्तीत कोणते प्रतिजैविक किती खपते, हे पालिकेच्या आरोग्य विभागास कळविणारे साधन म्हणून ती वापरली, तर तोच सहयोगाचा आरंभ ठरेल.

याउलट, फार्मासिस्टला निदान व औषधयोजना यांचे अधिकार तत्काळ द्यावेत, ही काही उत्साही मंडळींची मागणी आजच्या स्थितीत मान्य करता येत नाही. विक्री व औषधयोजना एकाच हाती आल्यास हितसंबंधांचा संघर्ष अधिक तीव्र होईल. स्वतः औषध देणाऱ्या डॉक्टरांविषयी जो आक्षेप वर नोंदविला, तोच मग फार्मासिस्टलाही लागू पडेल.

अन्यत्रचे अनुभव

या संदर्भात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲशव्हिल शहराचा प्रयोग उद्बोधक आहे. १९९६-९७ च्या सुमारास तेथील नगरप्रशासनाने आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी परिसरातील फार्मासिस्टची मदत घेतली. कर्मचाऱ्याने नियमितपणे फार्मासिस्टला भेटायचे, त्या बदल्यात त्याला औषधांवरील स्वतःचा वाटा माफ व्हायचा आणि फार्मासिस्टला या भेटींचा मोबदला नियोक्त्याकडून मिळायचा. काही वर्षांच्या पाठपुराव्यात रक्तशर्करा सुधारली आणि आजारपणाच्या रजा घटल्या. औषधांवरील खर्च वाढला, पण एकूण वैद्यकीय खर्च कमी झाला. या अभ्यासात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता व सहभागी स्वेच्छेने आले होते, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. तरीही त्याचे महत्त्व आहे, कारण येथे पैसे देणारा घटक नियोक्ता होता आणि कामगार निरोगी राहण्यात त्याचे थेट हित होते.

ब्रिटनमध्ये २००६ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टना स्वतंत्रपणे औषधयोजना करता येऊ लागली. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये सात सामान्य आजारांसाठी थेट फार्मासिस्टकडे जाण्याची योजना सुरू झाली. तेथील परिस्थिती इथे जशीच्या तशी आणता येणार नाही. तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सल्ल्याचे पैसे देते आणि रुग्णाच्या नोंदीचा सारांश फार्मासिस्टला पाहता येतो. म्हणजे आपल्याकडे नेमक्या ज्या दोन गोष्टींची उणीव आहे, त्याच तेथे अधिकारांच्या जोडीला उपलब्ध आहेत. ही जोड महत्त्वाची आहे.

आपल्याकडील अनुभवही अगदीच रिता नाही. क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या पुढाकाराने मुंबई परिसरातील औषध दुकानांतून देखरेखीखाली औषध देण्याचे काम झाले. २०१८ च्या अधिसूचनेने क्षयरुग्णांची माहिती कळविण्याची जबाबदारी औषधविक्रेत्यांवरही टाकली. जेथे काम नेमके ठरवून दिले जाते व दुसऱ्या टोकाला ऐकणारी यंत्रणा असते, तेथे गल्लीतील फार्मासिस्टही चमूचा घटक होऊ शकतो, हे यावरून दिसते.

भवितव्याची दिशा

वरील विवेचनाच्या आधारे या औद्योगिक परिसरासाठी तीन ठिकाणे सुचविता येतील.

पहिले ठिकाण कारखाना. कारखाने अधिनियम, १९४८ ने ५०० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात प्रथमोपचार कक्षाची सोय आवश्यक केली होती. त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्यविषयक संहितेत विहित वयाच्या कामगारांची वार्षिक आरोग्यतपासणी मोफत करण्याची तरतूद आहे. तपासणीत मधुमेह वा रक्तदाब आढळल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. लहान कारखान्यांनी एकत्र येऊन आठवड्यातून ठराविक दिवशी फार्मासिस्टची सेवा घेतली व पाळीनुसार औषधांचे वेळापत्रक करून दिले, तर ॲशव्हिलच्या प्रयोगातील तत्त्व येथे पडताळून पाहता येईल. चिंचवडच्या मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालयासारख्या संस्थेत तर औषध देणारा व पैसे देणारा एकच असल्याने विक्रीचा मोह मुळातच नाही. म्हणून अशा संस्थांतून आरंभ करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

दुसरे ठिकाण महापालिकेची रुग्णालये. पिंपरी येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हे या परिसरातील गरीब रुग्णांचा मोठा आधार आहे. रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाच्या हाती नवी औषधे येतात आणि घरी जुनी असतातच. दोन्हींची पडताळणी करून एकच यादी मराठीत लिहून देणे, हे फार्मासिस्टचे निश्चित काम ठरवावे. २००८ पासून सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म. डी. अभ्यासक्रमाचे पदवीधर या कामासाठीच शिकलेले आहेत. त्यांच्यासाठी सार्वजनिक रुग्णालयांत पदे निर्माण न करता केवळ महाविद्यालये वाढविणे म्हणजे त्यांना पुन्हा उद्योगाकडे किंवा परदेशाकडे ढकलणे होय.

तिसरे ठिकाण गल्लीतील दुकान. येथे सर्वांत सावध पावले टाकावी लागतील. सर्व आजार एकदम न घेता क्षयरोग, मधुमेह व प्रतिजैविकांचा वापर एवढ्यापुरते काम ठरवावे. त्यात सहभागी होणाऱ्या दुकानाने फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष उपस्थितीची हमी द्यावी आणि केलेल्या समुपदेशनाचा अल्प का होईना, पण वेगळा मोबदला सार्वजनिक निधीतून मिळावा. शिक्षणाच्या बाजूने पाहता, पदविका अभ्यासक्रमातील ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण अनेकदा सही-शिक्क्यापुरते उरते. त्यातील काही तास वैद्यकीय व परिचर्या शाखांच्या विद्यार्थ्यांसोबत एकाच वॉर्डात घालविणे आवश्यक करावे. जे विद्यार्थीदशेत एकमेकांशी बोलले नाहीत, ते पुढे चमू म्हणून काम करतील ही अपेक्षा फोल आहे.

समारोप

सहयोगी आरोग्यचमूतील फार्मासिस्टचे भवितव्य हा व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून मांडला जातो, तेव्हा तो फार्मासिस्ट व डॉक्टर यांच्यातील वाद होऊन बसतो. रात्रपाळी संपवून सकाळी सात वाजता घरी परतणाऱ्या आणि ‘सकाळची गोळी’ आता घ्यावी की झोपून उठल्यावर, हे ठाऊक नसलेल्या कामगाराच्या बाजूने तो मांडला, तर त्याचे स्वरूप बदलते. त्या कामगाराला उत्तर कोणाकडून मिळाले, याचे सोयरसुतक नसते. त्याला ते बरोबर, वेळेवर आणि त्याच्या भाषेत मिळायला हवे असते.

सात दशकांपूर्वी पिंपरीत सार्वजनिक पैशातून प्रतिजैविकांचा कारखाना उभा राहिला, कारण औषधाची उपलब्धता ही केवळ बाजारावर सोडण्याची गोष्ट नव्हे, अशी त्या काळाची धारणा होती. औषधाच्या योग्य वापराबाबत तशीच धारणा आज स्वीकारावी लागेल. सल्ल्याचा खर्च विक्रीच्या नफ्यातून निघावा असे मानत राहिलो, तर २०१५ ची नियमावली कागदावरच राहील. रुग्णाची नोंद, वेळ व स्वतंत्र मोबदला या तीन गोष्टी प्रथम पुरविल्या, तर नोंदणीकृत फार्मासिस्टला चमूत जागा मागावी लागणार नाही. त्यानंतर ‘औषधनिर्माता’ या शब्दाच्या जागी कोणता शब्द रूढ व्हावा, हे लोकच ठरवतील.